न वाचता सुचवलेलं पुस्तक

माझी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रासाठी मी एक पुस्तक सुचवलं, आणि ते मी वाचलेलं नव्हतं. आमच्याच विभागात शिकवणाऱ्या एका बाईंनी ते वाचलं आणि त्यात काय चुकलंय ते मला तोंडावर सांगितलं. त्यांचं म्हणणं खरं आहे हे कळल्यावरही मी पुस्तकाला चिकटून राहिलो. त्या भांडणात त्यांची नोकरी गेली. गेली असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मी घालवली.

आमच्या बऱ्हाणपुरात कॉलेज हिंदीतून चालतं आणि आमच्यासारखी घरं मराठीतून. माझे वडील महाराष्ट्रातून इकडे कागद कारखान्यात नोकरीला आले, मी इथेच शिकलो आणि इथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालो. खकनार, तुकईथडकडून बसने येणारी मुलं वर्गात निम्मी तरी असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कॉलेजच्या ग्रंथालयातून वर्षभरासाठी पुस्तक मिळतं. विकत घेतलेलं दुसरं पुस्तक त्यांच्या घरात नसतं. त्यामुळे विभागाने जे पुस्तक ठरवलं, ते त्या मुलांसाठी एका विषयावरचं एकमेव पुस्तक असतं. त्यात जे छापलंय ते खरं. पडताळून बघायला शेजारी काही नाही.

हे मला माहीत होतं. तरीही आमची पुस्तक निवडण्याची रीत अशी होती.

जुलै लागला की प्रकाशकांची माणसं यायला लागतात. खांद्यावर जड बॅग, बॅगेत नमुना प्रती. विभागात चहा येतो. आम्ही पुस्तकाची अनुक्रमणिका उघडतो, शेजारी विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठेवतो आणि पेन्सिलीने खुणा करत जातो. पहिलं युनिट आहे, दुसरं आहे, तिसरं आहे. सगळ्या खुणा झाल्या की पुस्तक चांगलं. काही प्रकाशक तर अभ्यासक्रमच पहिल्या पानावर छापतात, म्हणजे तेवढाही त्रास नको. पत्रिका जुळली म्हणून मुलगी न बघता होकार कळवावा, तसा हा प्रकार. आतली प्रकरणं कुणी वाचत नसे. मी विभागप्रमुख होतो, मीही वाचत नव्हतो. नवं शिक्षण धोरण आल्यावर अभ्यासक्रम एका फटक्यात बदलला आणि बाजारात घाईघाईने लिहिलेल्या पुस्तकांचा पूर आला. खरं तर तेव्हा जास्त सावध व्हायला हवं होतं. आम्ही फक्त जास्त भरभर खुणा करायला लागलो.

त्या पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती सांगायची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. प्रकाशकाचा माणूस आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "गुरुजी, इस बार आपका नाम अंदर दिया है."

मी विचारलं, "कुठे?"

त्याने आभाराचं पान उघडून दिलं. ज्यांच्या मौल्यवान सूचनांमुळे हे पुस्तक सिद्ध झालं, अशा प्राध्यापकांची तिथे रांग होती, आणि त्या रांगेत मी होतो. नावाआधी डॉक्टर लावलेलं. मी डॉक्टरेट केलेली नाही. मौल्यवान सोडाच, कसलीही सूचना मी कधी केलेली नव्हती. हे दोन्ही मी त्याला सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "अरे, याची काय गरज होती?" आणि पुस्तक घरी नेलं.

बायकोने ते पान वाचलं. "कशाबद्दल आभार मानलेत तुमचे?"

"सूचनांबद्दल."

"कोणत्या सूचना?"

"अगं, असतात काहीतरी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक टीव्हीशेजारी ठेवून दिलं. पाहुणे आले की ते सहज हाताला लागेल अशा जागी. मला वाटतं ती थट्टा होती. मी ते तिथून हलवलं नाही.

त्याच वर्षी त्या बाई आमच्याकडे अतिथी विद्वान म्हणून आल्या. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कायमच्या जागा रिकाम्या असतात, आणि त्यांवर वर्षापुरतं बोलावलेल्या शिक्षकांकडून काम करून घेतलं जातं. नाव अतिथी, पण पाहुणचार कसलाच नाही. पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही हे बरंचसं विभागप्रमुखाच्या शेऱ्यावर ठरतं. म्हणजे माझ्या. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

त्या तापीपलीकडून, जैनाबादहून, स्कूटीने यायच्या. आल्या की हेल्मेट माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवायच्या. नमस्कार वगैरे काही नाही. विभागातल्या चहाला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे साखरेचं पाणी तुम्ही रोज पिता?" सगळे हसले, आणि चहाचा बंदोबस्त माझ्याकडे असल्यामुळे ते मला लागलं. मला त्या आवडल्या नाहीत. त्यांनाही मी आवडलो नव्हतो आणि त्यांनी ते लपवलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण एका गरीब गायीवर मी अन्याय केला अशी गोष्ट असती तर ती सांगायला सोपी होती. त्या गाय नव्हत्या. त्यांना शिंगं होती आणि त्या ती वापरायच्या.

पहिल्या वर्षाचे दोन वर्ग होते. अ वर्ग माझ्याकडे, ब वर्ग त्यांच्याकडे. सत्र सुरू होऊन महिना झाला असेल. मी विभागात बसलो होतो. त्या आल्या, हेल्मेट आदळलं आणि त्याच्याशेजारी ते पुस्तक उघडं करून ठेवलं.

"सर, ह्या पुस्तकातल्या मागणीच्या आकृत्या उलट्या आहेत."

मी समोरच्या कागदातून मान वर केली नाही. "छपाईची चूक असेल. मुलांना सांगा, दुरुस्त करून घ्या."

"छपाईची नाही. लिहिणाऱ्याची आहे. खालचा मजकूरही तसाच उलटा लिहिलाय. अख्खं पान."

"मॅडम, हे पुस्तक चार जिल्ह्यांत चालतं."

"मग चार जिल्ह्यांत चुकीचं चालतं."

"तुम्हाला दुसरं पुस्तक हवंय म्हणून तुम्ही ह्यात चुका शोधताय."

हे अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी एक जुनं पुस्तक सुचवलं होतं, मळक्या कव्हराचं. त्यातल्या प्रकरणांचा क्रम आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नव्हता आणि एक युनिट त्यात नव्हतंच. माझ्या पेन्सिलीच्या खुणांमध्ये ते पहिल्याच पानावर नापास झालं होतं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही हे पान खोललं तरी का?"

मी म्हणालो, "तुम्ही इथे अतिथी आहात, हे लक्षात ठेवा."

"अतिथी आहे. आंधळी नाही."

कोपऱ्यात बसलेले इतिहासाचे प्राध्यापक खोकल्याच्या निमित्ताने हसले. त्या हेल्मेट उचलून गेल्या. पुस्तक तसंच उघडं राहिलं होतं. मी ते मिटलं, आणि मिटतानाही पानावर नजर टाकली नाही.

चूक काय होती ते साध्या शब्दांत सांगतो, कारण ती कळायला अर्थशास्त्र शिकायची गरज नाही. केळी स्वस्त झाली म्हणून लोकांनी जास्त केळी घेतली, ही एक गोष्ट. केळीचा भाव तोच आहे, पण श्रावण लागला, घरोघरी उपास सुरू झाले आणि लोक जास्त केळी घ्यायला लागले, ही दुसरी. पहिल्या गोष्टीत आपण मागणीच्या त्याच रेषेवर खाली सरकतो. दुसऱ्या गोष्टीत ती रेषाच उचलून उजवीकडे जाते. अर्थशास्त्राच्या दारातली ही पहिली पायरी आहे. इथे पाय घसरला की पुढचं सगळं पाठांतर होतं, समज राहत नाही. त्या पुस्तकात ह्या दोन्हींची अदलाबदल झाली होती. आकृत्याही तशाच आणि स्पष्टीकरणही तसंच.

बाईंनी आपल्या वर्गात मुलांना त्या पानावर पेनाने काट मारायला लावली आणि फळ्यावर बरोबर आकृत्या काढून दिल्या. ब वर्गातली मुलं आणि माझी मुलं एकाच बसने खकनारला जात. बसमध्ये पुस्तकं उघडली गेली असणार. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात एक मुलगी उभी राहिली.

"सर, मॅडम तो उलटा बता रही हैं. किताब गलत है बोले."

मागून एकाने मराठीत भर घातली, "काट मारायला लावली सर, लाल पेननी."

मी म्हणालो, "किताब गलत नहीं होती. बैठो."

त्या संध्याकाळी घरी मी टीव्हीशेजारचं पुस्तक घेतलं आणि ते पान पहिल्यांदा वाचलं. पहिल्या चार ओळींतच मला कळलं. इतकी ढोबळ चूक होती की मी स्वतः शिकवताना वर्षानुवर्षं जे फळ्यावर काढत आलो होतो, त्याच्या बरोबर उलट तिथे छापलेलं होतं. म्हणजे पुस्तक उघडलंच असतं तर ती मला दिसल्याशिवाय राहिली नसती.

ते कळल्यावर मला शरम वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. शरम नंतर आली. त्या संध्याकाळी मला राग आला, आणि तोही त्या बाईंचा. चूक काढण्याचा हक्क ह्यांना कुणी दिला? पुस्तक लिहिणाऱ्यावर राग आला नाही, छापणाऱ्यावर नाही, माझं नाव त्यात घालून मला गप्प करणाऱ्यावरही नाही. पुस्तकाची चूक निघाली की आभाराच्या पानावरचं माझं नाव उघडं पडणार होतं. मला तेवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तास चालू असताना मी ब वर्गात गेलो. दार वाजवलं नाही. मुलं उभी राहिली. मी फळ्याजवळ जाऊन वर्गाला म्हणालो, "जिन्होंने किताब में काट मारी है, वो अपनी मर्जी से मारी है. परीक्षा में वही लिखना जो किताब में है. पेपर जाँचने वाला यही किताब खोलेगा."

त्या खडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला मराठीत विचारलं, "म्हणजे चूक आहे हे तुम्हाला पटलंय. फक्त परीक्षकही चुकेल असं तुम्ही म्हणताय."

"मॅडम, आपण बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? तुम्ही न विचारता आत आलात ना? आतच बोला."

वर्गातल्या सगळ्यांना मराठी कळत होतं. ज्यांच्या घरी मराठी नाही त्यांनाही कळत होतं. मी म्हणालो, "ज्यांना पुढच्या वर्षी ह्या कॉलेजात शिकवायचंय, त्यांनी ह्या कॉलेजने ठरवलेलं पुस्तक शिकवावं."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. ते हसू त्यांना होतं, मला नव्हतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी जाताना दार मुद्दाम हळू ओढून घेतलं, सभ्य माणसासारखं. त्या फळ्याकडे वळल्या आणि आपली आकृती पुन्हा काढायला लागल्या. खडूचा आवाज मला व्हरांड्यात ऐकू येत होता.

माझ्या वर्गात मी त्या आकृत्या पुस्तकातल्यासारख्याच, उलट काढून शिकवल्या. वर्षाच्या शेवटी प्राचार्यांनी शेरा मागितला. मी लिहिलं की त्या नेमून दिलेल्या पुस्तकाबाहेर शिकवतात, त्यामुळे विद्यार्थ्यांत संभ्रम निर्माण होतो. प्राचार्यांनी वाचून चष्म्यावरून बघितलं. "सही बात है ना?"

"जी," मी म्हणालो.

त्या एका अक्षरात एका बाईचं पुढचं वर्ष संपलं. मला तेव्हा ते हलकं वाटलं होतं.

पुढे मी दुसऱ्या शहरात विद्यापीठाचे पेपर तपासायला गेलो. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो, समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बाहेरच्या कॉलेजांचे पेपर होते. मागणीवरचा प्रश्न आला होता, आणि आदर्श उत्तर आम्हाला दिलेलं होतं. बरोबर उत्तर. परीक्षकाने ते पुस्तक उघडलेलं नव्हतं.

एकामागून एक पेपर उघडत गेलो, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या पेपरात ती अदलाबदल झालेली आकृती. जशीच्या तशी. तेच शब्द, तीच वळणं. काही मुलांनी पट्टीने रेषा मारल्या होत्या, खाली पेन्सिलीने बाण काढले होते. मेहनत करून, पाठ करून, चुकीचं लिहिलेलं होतं. शेजारचे परीक्षक माझ्या कोपराला धक्का देऊन म्हणाले, "यार, ये किस पागल ने पढ़ाया है? पूरा का पूरा बंडल उलटा है."

मी म्हणालो, "पता नहीं."

दुपारी जेवताना त्यांनीच कुठूनतरी ते पुस्तक मिळवलं. पानं चाळता चाळता ते थांबले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पुस्तकाकडे बघितलं. "डॉक्टर साहब! आपके तो बहुमूल्य सुझाव हैं इसमें!" टेबलावरची सगळी माणसं हसली. ते पुस्तक हातोहात फिरलं. एक जण उभा राहून आभाराचं पान भाषणासारखं वाचायला लागला. मी पोळी चावत राहिलो. मग पुन्हा हॉलमध्ये गेलो आणि त्या मुलांचे गुण कापले. दुसरं काय करणार? उत्तर चूक होतं. आमच्यासारखं पुस्तक सुचवणारा कुणीतरी त्यांच्याही कॉलेजात होता, आणि आता मीच त्यांना शून्य देत होतो. माझं लाल पेन चाललं होतं.

आमच्या कॉलेजचा निकाल लागला तेव्हा माझ्या वर्गाचे गुण पडलेले होते. ब वर्गाचेही काही डोळे दिपवणारे नव्हते. बाईंनी सांगितलेलं आणि मी येऊन दटावलेलं, यांच्यामध्ये काही मुलांनी तो प्रश्नच सोडून दिला होता. हे मला सगळ्यांत जास्त बोचलं. माझ्या मुलांना मी चुकीचं शिकवलं ते होतंच, त्यांच्या मुलांना बरोबर आलेलं होतं तेही मी काढून घेतलं.

तरीही मी कुणाला काही बोललो नाही. माणूस किती दिवस गप्प राहू शकतो याचा मला स्वतःचाच अंदाज नव्हता.

पुन्हा जुलै आला. बाईंना बोलावणं गेलं नव्हतं. प्रकाशकाचा तोच माणूस तीच बॅग घेऊन आला. संशोधित आवृत्ती, नवं कव्हर, वर चकचकीत रुपयाचं चिन्ह. मी सरळ ते पान उघडलं. अदलाबदल तशीच होती.

मी त्याच्यावर ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी विभागात कधी बोललो नव्हतो. हे काय छापता तुम्ही, पोरांच्या आयुष्याशी खेळता, संशोधित म्हणजे काय संशोधलं? त्याने सगळं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, किसी ने बताया ही नहीं."

तो खोटं बोलत नव्हता. ज्याच्या सूचनांबद्दल त्यांनी आभार मानले होते, त्याने सूचना दिलीच नव्हती. जिने दिली होती तिला मी घालवलं होतं. मी त्याच्यासमोर कागद घेतला, चूक लिहून दिली, आभारातलं माझं नाव काढायला सांगितलं. तो जरा दुखावला. असं पहिल्यांदाच कुणी सांगत असावं.

मग मी प्राचार्यांकडे गेलो आणि माझा शेरा मागे घ्यायचा आहे म्हणालो. त्यांनी मला बसवलं. "वो जगह भर गई है. फाइल ऊपर जा चुकी है. और आप अपने ही खिलाफ क्यों लिख रहे हैं?" मी म्हणालो की शेरा खोटा होता. ते म्हणाले, "सर, झूठा-वूठा मत बोलिए, दीवारों के कान होते हैं." मी लेखी दिलं. त्यांनी ते खणात ठेवलं. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. काही झालं नाही, असंच धरून चाललोय.

जैनाबादला त्यांच्या घरी गेलो तेव्हा पुढच्या खोलीत शिकवणी चालू होती. मुलं सतरंजीवर बसलेली. मला बघून त्यांनी शिकवणी थांबवली नाही. मी ओट्यावर उभा राहिलो. मुलं गेल्यावर त्या बाहेर आल्या, पाण्याचा तांब्या समोर ठेवला. चहाचं विचारलं नाही.

"बोला सर. पुस्तक निवडायला मदत पाहिजे का?"

"माफी मागायला आलोय."

"कोणाची?"

"तुमची."

"इथे?" त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. शेजारची म्हैस रवंथ करत होती. "इथे कोण ऐकतंय? ही म्हैस? माझ्या ओट्यावर येऊन माफी मागणं सोपं आहे सर. तुम्ही मला वर्गात खोटं पाडलं. माझ्याच पोरांसमोर. ती हसली."

"एक जणच हसला होता."

"तुम्ही मोजले?" त्या म्हणाल्या. "मी पाठ करून होती पोरांकडे, मला तर सगळेच हसल्यासारखं वाटलं."

मी प्राचार्यांना काय लिहून दिलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यानी काय होणार? जागा तर गेली. माझं घर ह्या शिकवणीवर चालून राहिलं आता, चालेल. पण माफी मागायची असेल तर जिथे केलं तिथे मागा. मी येणार नाही बघायला. त्यातली चार-पाच पोरं अजून माझ्याकडे येतात. ती सांगतील नीट बोललात की घोळ घातला ते."

मी जायला निघालो. त्या मागून म्हणाल्या, "आणि पुस्तक कोणतं घ्यायचं ते विचारू नका. फुकट सल्ला मी आता देत नाही."

पुस्तक मी त्यांनी पूर्वी सुचवलेलंच घेतलं, ते मळक्या कव्हराचं. पण ह्या वेळी आधी वाचलं. प्रत्येक आकृती कागदावर स्वतः काढून बघितली, गणितं सोडवली. दोन उदाहरणं जुनी झालेली निघाली. जे युनिट त्यात नव्हतं त्याच्यासाठी मी टिपणं केली. अनुक्रमणिका जुळत नाही म्हणून मुलं कुरकुर करतात, आणि विभागात मला आता प्रूफवाला म्हणतात. पुस्तकाने मुलांच्या डोक्यात काय घातलं हे कुठल्या अनुक्रमणिकेत कळत नाही. हे शिकायला मला एवढं वय लागलं, आणि त्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्यांनी भरली.

आधीच्या वर्षीचे दोन्ही वर्ग आता दुसऱ्या वर्षाला एकत्र बसत होते, त्याच खोलीत जिथे मी न विचारता शिरलो होतो. तास सुरू झाल्यावर मी पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर दोन आकृत्या काढल्या आणि म्हणालो, गेल्या वर्षी ह्या तुम्हाला मी उलट शिकवल्या.

वर्गात कुजबुज झाली. पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, मग आमचे नंबर वाढतील का?"

"नाही," मी म्हणालो. "ते आता वाढणार नाहीत."

"मग सांगून काय फायदा?" मागून कुणीतरी म्हणालं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मी खडू खाली ठेवला. बाईंचं नाव घेतलं, पूर्ण नाव, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि म्हणालो:

"मॅडमनी तुम्हाला बरोबर शिकवलं होतं. पुस्तक चुकीचं होतं. ते मी न वाचता ठरवलं होतं, माझं नाव त्यात छापलंय म्हणून. चूक कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी इथे आलो, त्यांचा तास मोडला आणि तुमच्यासमोर त्यांना नोकरीची धमकी दिली. नंतर ती खरी केली. संभ्रम त्यांनी केला नाही, मी केला. त्यांच्याकडे जाणारे जे कुणी इथे असतील, त्यांनी हे त्यांना जसंच्या तसं सांगा. मी त्यांची माफी मागतो. आणि तुमचे गुण गेले, त्याबद्दल तुमचीही."